वाकड्या दाताचा सूर

यंदा पानगळ रेंगाळली. ऑक्टोबर निम्मा सरला तरी आमच्या चढावरचे बीचचे वृक्ष हिरवेपण सोडायला तयार नव्हते. मग आठवडाभर वारा सुटला आणि सगळे एकदम तांबूस झाले. काल सकाळी दवाखान्याकडे सायकल ढकलत नेताना चाकांखाली बीचची बोंडं तडतडायला लागली आणि ओल्या पानांचा तो वास आला. थोडा मातीचा, थोडा चहाच्या चोथ्याचा. नेदरलँड्स सपाट आहे म्हणतात. आमच्या आर्नहेम शहराच्या कानावर ते गेलेलं नसावं. इथे चांगले दम काढणारे चढ आहेत, आणि त्या चढांवरून डोक्यावरच्या तारांना धरून जाणाऱ्या विजेच्या बस आहेत. हवा ओली असली की बसच्या दांडीपाशी निळी ठिणगी उडते.

अशीच एक बस थांबली. तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ काळी पेटी घेऊन उतरले आणि मी उगाच थबकले. ते बालिंट नव्हते, असणं शक्यही नव्हतं. पण पानगळ आणि काळी पेटी एकत्र दिसली की मला तेच आठवतात. गेली काही वर्षं हे असंच चाललंय.

मी दातांची डॉक्टर. मूळची अकोल्याची, शिकले नागपूरला. नितीन, माझा नवरा, इथल्या वीज कंपनीत लागला म्हणून मी आले, आणि मग डच भाषा, परीक्षा, पुन्हा परीक्षा असं करत करत इथेही दातांचीच डॉक्टर झाले. दात जगात सगळीकडे सारखेच दुखतात, ही त्यातली सोय. माणसं मागतातही सारखंच. पांढरे करा, सरळ करा, फट बुजवा. वाकडेपणा ठेवा म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

काही वर्षांपूर्वीच्या एका सप्टेंबरात बालिंट पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडण्याआधी त्यांनी हात वर केला.

"डॉक्टर, आधी एक ऐका. समोरचा वाकडा दात सरळ करायचा नाही."

"नाही करत," मी म्हटलं. "मग आलात कशासाठी?"

"तो हलतोय."

सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला. वर्षानुवर्षं टिकली लावणाऱ्या बाईच्या कपाळावर एक जागा फिकट राहते, तशी त्यांच्या ओठांवर एक गोल खूण होती. ती ट्रंपेटच्या तोंडाची. वरच्या दातांमधला समोरचा एक दात स्वतःभोवती वळून शेजारच्यावर किंचित चढला होता, दार अर्धवट उघडून कुणी बाहेर डोकावावं तसा. लहानपणी हंगेरीतल्या त्यांच्या गावी गोठलेल्या तळ्यावर ते तोंडावर आपटले होते. दुधाचा दात गेला आणि पक्का आला तो असा. गावातल्या रेल्वे कामगारांच्या बॅन्डमध्ये वाजवणाऱ्या एका माणसाने त्यांना पहिल्यांदा ट्रंपेट शिकवलं. त्याने पोराचे दोन-चार सूर ऐकले, तोंड उघडायला लावलं आणि वडिलांना बजावलं, "याच्या दाताला कुणाला हात लावू देऊ नका. हवा त्याच्या कडेने निघते. याचा सूर शंभरांत ओळखू येईल."

तो सूर खरंच ओळखू यायचा. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एक्स-रे काढला. दाताच्या मुळाला उभी चीर गेली होती.

दाताच्या मुळाला उभी चीर म्हणजे काय, हे सांगताना मी नेहमी हळू बोलते. दात वाचत नाही. आज ना उद्या काढावा लागतो. बालिंट छताकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "नोव्हेंबरपर्यंत टिकेल?"

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांचा बॅन्ड पुन्हा एकदा, बहुधा शेवटचा, एकत्र येणार होता.

त्या मोसमात ते वारंवार आले आणि त्यांची सगळी कारकीर्द मी तुकड्यातुकड्याने ऐकली. बधिरतेचं इंजेक्शन चढेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात. किंवा गालात कापसाचे बोळे असताना, अर्धे शब्द गिळत. त्यांची डच भाषा मजेची होती. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ते पाय आपटल्यासारखा जोर द्यायचे. आणि हंगेरियन भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द असल्यामुळे सगळा जन्म इथे काढूनही त्यांचा गोंधळ व्हायचा. "योहाना आज आला नाही, तो रागावला आहे," असं ते आपल्या बायकोबद्दल सांगायचे, आणि मला हसू आवरायचं नाही.

त्यांच्या तरुणपणी तिकडे जॅझ म्हणजे संशयाची गोष्ट होती. रेडिओवर खरखरीतून परदेशी स्टेशन धरायचं, कान लावून एकेक तान पाठ करायची आणि दिवसा हॉटेलात जेवणाऱ्या लोकांपुढे गोडगोड वाल्ट्झ वाजवायचे. मग एका नाचाच्या बॅन्डबरोबर, एका उन्हाळ्यापुरते, ते इथल्या समुद्रकाठच्या हॉटेलात आले. हॉटेलच्या काउंटरवर योहाना बसायची. उन्हाळा संपला, बॅन्ड परत गेला, बालिंट राहिले. राहिले म्हणजे मागचं दार बंद झालं. देश सोडून गेलेल्याला तेव्हा परत जायची सोय नव्हती.

पुढे त्यांनी स्वतःचा दहा-बारा जणांचा बॅन्ड उभा केला. स्वतः लिहायचं, स्वतः वाजवायचं, आणि व्हॅनसुद्धा बरेचदा स्वतः चालवायची. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे हॉल, रेडिओवरची ध्वनिमुद्रणं, काही तबकड्या. त्या आता जुन्या बाजारात, पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडतात. फार प्रसिद्ध असे ते कधी झाले नाहीत. पण ज्यांना माहीत होतं त्यांना ते नीट माहीत होतं.

"बॅन्ड बंद कधी केलात?" मी एकदा विचारलं.

"केला नाही. एक दिवस कुणीतरी विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी आहे? आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो."

त्यांच्या रचनांमधली एक लोक हमखास मागायचे. आई गेल्याचं कळलं त्या हिवाळ्यात त्यांनी ती लिहिली होती. अंत्यविधीला जाता आलं नव्हतं. त्या रचनेच्या शेवटाकडे ट्रंपेट एकटं वर वर चढत जातं आणि सगळ्यात वरच्या सुरावर जाऊन राहतं. तो सूर त्यांच्याशिवाय कुणी लावला नव्हता. नोव्हेंबरात तोच लावायचा होता, त्या चिरलेल्या दातावर.

मी त्या दाताला आतल्या बाजूने, शेजारच्या दातांशी बांधून टाकलं. बाहेरून ओठाला काही कळू नये इतकं बारीक. त्याआधी दाताचा हुबेहूब साचा घेऊन ठेवला, पुढे लागला तर असावा म्हणून. मग त्यांनी पेटी उघडली. "वाजवू? कळायला हवं."

त्या दिवशी आई दवाखान्यात आली होती. ती सप्टेंबरात अकोल्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे राहायला आली होती. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, तिला घरात बसवत नसे. माझा डबा घेऊन ती चढ चढून यायची आणि बाहेरच्या खुर्चीत स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल अशी बसायची. आतून ट्रंपेटचा सूर निघाला तशी ती दार ढकलून आत आली.

"काय गं, कोण वाजवतंय? दवाखान्यात लोक ओरडताना ऐकले, वाजवताना नाही ऐकले कधी!"

मी सांगितलं. तिने बालिंटना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "यांना सांग, आमच्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत पुढे बॅन्ड असायचा. त्यातला एक जण असंच वाजवायचा. गाल असे फुगायचे बाई, की आम्ही पोरी त्याच्याकडेच बघत चालायचो."

मी भाषांतर केलं. बालिंटनी गंभीरपणे मान हलवली. "गाल फुगवू नयेत असं शिकवतात. पण रस्त्यावर चालत वाजवायचं, आणि सगळ्या गावाला ऐकू जायला हवं... मग फुगतात. ते बरोबर आहे."

यानंतर त्या दोघांची जवळजवळ ओळखच झाली. आई मराठीत बोलायची, ते डचमध्ये, आणि मी आतबाहेर करत असले तरी त्यांचं अडायचं नाही.

दाताने महिनाभर कळ काढली. ऑक्टोबरात, बीच पेटल्यासारखे तांबडे झाले होते त्या दिवसांत, तालमीत तो सुटला. योहाना त्यांना घेऊन आल्या. बालिंटच्या हातरुमालावर रक्त होतं आणि चेहऱ्यावर एक विचित्र शांतपणा. मी दात काढला. साच्यावरून केलेला नवा दात, तोच वाकडेपणा, तीच वळणारी कड, शेजारच्या दाताला चिकटवून बसवला. आरसा दिला. बालिंट स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. "तोतया अगदी त्याच्यासारखा दिसतो," ते म्हणाले.

जखम भरेपर्यंत वाजवायचं नव्हतं. भरल्यावर त्यांनी घरी वाजवून पाहिलं असावं. मला कळवलं नाही. कळवायला आल्या त्या योहाना. पाऊस अंगावर घेत, सायकलवरून. माझ्या खोलीत उभ्या उभ्याच म्हणाल्या, "खालचे सूर येतात. वरचे येत नाहीत. काल त्यांनी पेटी बंद केली आणि जिन्याखाली ठेवली. इतक्या वर्षांत ती पेटी कधी जिन्याखाली गेली नव्हती."

"मी दाताची जाडी थोडी कमी करून बघते."

"दाताचं नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा घरी या. माझ्याशी ते बोलत नाहीत. मी फार वर्षांची ओळखीची आहे."

रविवारी दुपारी गेले. माझ्या धंद्यात घरी जायचा रिवाज नाही, पण मला ते चुकीचं वाटलं नाही. त्यांच्या छोट्या घराच्या मागे एक प्लमचं झाड होतं, आता निष्पर्ण. स्वयंपाकघरात बालिंट टेबलाशी बसले होते. योहानांनी कॉफी ओतली आणि त्या मुद्दाम बाहेर पानं झाडायला गेल्या. काचेतून त्यांचा खराटा दिसत होता.

"दात छान आहे," बालिंट म्हणाले. "दोष दाताचा नाही. ओठ म्हातारा झाला. हाड झिजलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"कार्यक्रम रद्द करणार?"

"त्यांना सांगायचंय. फोन उचलतो आणि ठेवतो."

भिंतीवर बॅन्डचा जुना फोटो होता. कल्ले, रुंद कॉलर, सगळे हसतायत. मी विचारलं, यात कोण कोण आहे? खरं तर वेळ काढायला विचारलं. पण ते उठले आणि एकेकावर बोट ठेवत सांगायला लागले. हा ट्रॉम्बोनवाला. याचा खांदा मोडला होता, वाद्याची नळी शेवटपर्यंत सरकवायला हात पुरता लांब जायचा नाही. म्हणून याला त्या टोकाचा सूर कधी लिहिला नाही. हा पियानोवाला. याच्या करंगळीत जोर नव्हता. मग याच्या चाली मधल्या बोटांवर बांधल्या. हा ड्रमवाला फार घाई करायचा. याच्यासाठी प्रत्येक रचनेत एक थांबा. "तिथे सगळ्यांनी श्वास घ्यायचा, आणि तो आमच्याबरोबर यायचा."

"म्हणजे लोकांना येत नाही ते तुम्ही गाळायचात?"

"नाही, नाही. जे येतं त्याच्यावर घर बांधायचं. माणूस आहे तसा घ्यायचा आणि मग त्याच्यासाठी लिहायचं. बॅन्ड चालवणं म्हणजे दुसरं काय?"

हे बोलता बोलता ते थांबले. फोटोत स्वतःवर बोट ठेवलेलं होतं. एक सडपातळ तरुण, हसताना वाकडा दात दिसतोय. बोट तिथेच राहिलं. बाहेर खराट्याचा आवाज येत होता.

"याच्यासाठी मी तरुणपणी लिहिलेलंच अजून वाजवतोय," ते शेवटी म्हणाले. "हा आता कसा आहे, ते कुणी विचारलंच नाही."

मग खुर्चीत बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. सप्टेंबरात त्यांची आई अंगणात मोठ्या कढईत प्लमचा मुरंबा आटवायची. साखर नाही, काही नाही, नुसतं दिवसभर ढवळत राहायचं. ढवळताना एक चाल गुणगुणायची. चाल वर चढायची, पण सगळ्यात वरच्या सुरापर्यंत तिचा आवाज पोहोचायचा नाही. मग ती तिथे नुसती थांबायची, भुवया उंचावायची, आणि पुढच्या ओळीवर यायची. "ती गेल्यावर मी लिहायला बसलो तेव्हा वाटलं, तिला जमला नाही तो सूर आपण लावू. तरुण होतो. लावला. लोक टाळ्या वाजवायचे." त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. "आता मीही तिथे पोहोचत नाही. म्हणजे आता मला तिच्यासारखं म्हणता येईल."

ते उठले, जिन्याखालून पेटी आणली. मी निघाले तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. दारात योहानांनी खराटा तसाच धरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "लिहितायत." त्या मटकन पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि मग डोळे पुसायला लागल्या, हातमोज्यांना चिकटलेल्या पानांसकट.

आता ते दोघं आर्नहेममध्ये नाहीत. झूटरमेरला, योहानांच्या बहिणीजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेले. त्या पानगळीनंतर दोन-तीन वर्षं बालिंट लहानसहान जागी वाजवत होते, खालच्या सुरांत, सावकाश. मग दम पुरेना आणि त्यांनी वाजवणं थांबवलं. लिहिणं नाही थांबवलं. तिकडे वस्तीतल्या लोकांचा एक हौशी बॅन्ड आहे. योहाना फोनवर सांगत होत्या, त्यात एका आजींना तीनच सूर येतात, आणि बालिंटनी त्यांच्यासाठी तीन सुरांची अशी काही जागा लिहिली आहे, की सगळा बॅन्ड त्या आजींची वाट बघत थांबतो. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या एका पोरीला मी विचारलं, "दात खरंच सरळ करायचेत का गं? छान दिसतायत." तिची आई माझ्याकडे बघतच राहिली.

कधीकधी दुपारी दोन पेशंटच्या मध्ये जरा मोकळा वेळ असतो. खिडकीतून बीचची पानं उतरताना दिसतात. पानं पडतात असं आपण म्हणतो, पण नीट बघितलं तर ती घाईने पडत नाहीत, वाटेत दोनदा विचार बदलल्यासारखी येतात. अशा वेळी मला बालिंटचा तो कार्यक्रम झाला ते जुनं चर्च आठवतं.

जुन्या चर्चचा तो हॉल केला होता. उंच खिडक्या, त्यांतून नोव्हेंबरचा तो पातळ, दुधाळ उजेड. आई परत जायला थोडेच दिवस राहिले होते. तिने ठेवणीतली निळी पैठणी नेसली होती, आणि आत थर्मल. नितीनला गाडी लावायला जागा मिळेना म्हणून आम्ही दोघी पुढे जाऊन बसलो. बॅन्डमधले बरेचसे म्हातारे होते. एकाला हाताला धरून आणलं. पण वाजायला लागल्यावर ते म्हातारपण कुठे गेलं कळलं नाही. ड्रमवाल्यासाठीचा थांबा आला तेव्हा मी ओळखला आणि मला गुपित माहीत असल्यासारखा आनंद झाला.

शेवटी ती रचना. बालिंट पुढे आले. आवाज नेहमीपेक्षा खाली सुरू झाला, ट्रंपेट असं बोलतं हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी काम करता करता स्वतःशी बोलावं तसं. बाकीची वाद्यं हळूहळू मागे सरली. चाल चढायला लागली, सभागृहातल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं ती कुठे जाणार आहे. त्यांच्या माना आपोआप उचलल्या गेल्या. आणि त्या जागी बालिंटनी ट्रंपेट ओठांपासून थोडं दूर केलं. काही वाजलं नाही. सगळा बॅन्ड थांबला होता. बालिंटच्या भुवया वर गेल्या. मग ते पुढच्या ओळीवर आले.

योहाना आमच्या पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "तिथे कुणी गेलंय का गं यांचं?" मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी नुसता तिचा हात दाबला.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मग बाहेरच्या दालनात कॉफी, वाइन, बिस्किटं, आणि बालिंटभोवती ही गर्दी. जुने श्रोते, रेडिओवरचे कोणी, तबकड्या सही करायला आणलेले कोणी. जो तो हात हातात घेत होता, गालाला गाल लावत होता. त्या मौनाबद्दल काहीतरी मोठं बोलत होता. बालिंट सगळ्यांना हसून उत्तर देत होते. मी लांबून, सवयीने, त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते सुजले होते आणि थरथरत होते. दात जागेवर होता. गर्दीतून पुढे जावं की नाही, मला ठरवता येईना.

आईने ठरवलं. भिंतीकडेची एक लाकडी खुर्ची तिने उचलली, पैठणीचा पदर कमरेला खोचला, आणि "सरका हो जरा, सरका," असं शुद्ध मराठीत म्हणत ती त्या गर्दीतून थेट त्यांच्यापर्यंत गेली. लोक सरकले. तिने खुर्ची त्यांच्या मागे ठेवली आणि वर बघून म्हणाली,

"फार छान वाजवलंत. दमला असाल. बसा आता."

बालिंटनी माझ्याकडे पाहिलं नाही, अर्थ विचारला नाही. ट्रंपेट तिच्या हातात दिलं आणि बसले.